हिरकणी की परिवर्तन

"गाडी लागलीय," अण्णा म्हणाले.

"लागलीय ते मलाही दिसतंय. निघणार कधी?"

"निघंल."

सकाळी दहा वाजता मी अण्णांच्या हातात ते यंत्र दिलं होतं आणि आता साडेबारा वाजत आले होते. पडद्यावर कुठल्याशा इंग्रजी गावातला बसथांबा होता. थांब्यावर हिरवी बस, बसमध्ये अकरा प्रवासी. दर पाच मिनिटांनी त्यातली एक म्हातारी आपल्या भाषेत विचारायची, की बाबा रे, आज जायचंय की नाही? अण्णा पडवीतल्या बाकावर ताठ बसले होते. दोन्ही अंगठे बरोबर जागेवर, नजर समोर. अडीच तासांत त्यांनी गाडी इंचभरही पुढं घेतली नव्हती. शेवटी यंत्राची बॅटरी संपली, पडदा काळा झाला, आणि म्हातारीची विचारपूस थांबली.

मी माझ्या तक्त्यात लिहिलं: पांढरी, बॅटरी अडीच तास, कापलेलं अंतर शून्य.

हा तक्ता काय ते सांगायला हवं. मी तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होते आणि चोवीस तारखेला नोकरीसाठी कॅनडाला निघणार होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. चिपळूणजवळच्या आमच्या तळेकोंडात अण्णा एकटेच. मुलगा असता तर सुनेला मागं ठेवून गेला असता. मी यंत्र ठेवून जायचं ठरवलं होतं. खेळण्यासाठीच बनवलेला, दोन हातांत धरायचा छोटा कॉम्प्युटर असतो ना, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना कळा आणि दांड्या, तसला. अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. त्यांना टीव्ही आवडत नसे, कारण "त्यात आपण चालवत नाय, नुसतं बसायचं." तेव्हा बस चालवायचा खेळ घालून द्यावा, म्हणजे माणसाचा दिवस निघेल, असा माझा हिशेब.

पण कुठलं यंत्र घ्यावं यावर जगात एकमत नाही. मी तेवीस रकान्यांचा तक्ता केला. खेळवेड्यांच्या एका मंचावर प्रश्न टाकला, 'वडिलांसाठी कुठलं घेऊ?' त्याला एकशे चौदा उत्तरं आली. निम्मे लोक पांढऱ्या यंत्राच्या बाजूचे, निम्मे काळ्याच्या. त्यांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि एकानं मला स्वतःचं स्थळ सुचवलं. शेवटी मी दोन्ही मागवली. एक ठेवायचं, दुसरं सात दिवसांच्या आत परत करायचं.

पांढरं लहान, हलकं, पडदा तळहाताएवढा. काळं थोराड, पडदा चांगला मोठा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सरकवून वेगळ्या करता यायच्या. ही सोय मी कौतुकानं दाखवायला गेले, तर अण्णा ओरडले, "हँडल निखळलं गो! वर्कशॉपला लाव!"

दोघींची नावंही त्यांनीच ठेवली. पांढरी ती हिरकणी, एसटीच्या निमआराम गाडीसारखी. काळी ती परिवर्तन, आपली साधी लाल गाडी. कॉम्प्युटरला गाडी म्हणणं मला आधी गंमतीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी परिवर्तनही दोन तास थांब्यावर उभी राहिली, तेव्हा गंमत संपली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकले. कळा कुठल्या ते अण्णांना ठाऊक होतं. मी विचारलं की बोट ठेवून दाखवायचे, हा गॅस, हा ब्रेक. मग गाडी का काढत नव्हते? मंचावर कुणीतरी लिहिलं होतं, म्हाताऱ्या माणसाला एखादं काम सुरू करायचंच सुचेनासं झालं तर ते डोकं जात असल्याचं लक्षण. एकसष्टाव्या वर्षी? पण आई गेल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ रस्त्याकडेच तर बघत बसत होते. डोकं जात असलेल्या माणसाला या घरात एकटं टाकून मी विमानात बसणार नव्हते. तिकीट रद्द करायचं, असं मी मनाशी ठरवलं, आणि मग मला अण्णांचा भयंकर राग आला.

"अण्णा!" मी पडवीत येऊन जवळजवळ ओरडलेच. "दोन दिवस झाले! गाडी का काढत नाही तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू डोकं माझंच गेलंय.

"बेल कुठं दिलीय?"

"कसली बेल?"

"डबल बेल. दोन टोल पडल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत नाय. एवढं तुला ठाऊक नाय, एसटीवाल्याची पोरगी तू?"

मी बाकावर बसले.

"अण्णा, हा खेळ आहे."

"खेळ आहे म्हणून वाहकाशिवाय गाडी काढू? अकरा माणसं बसलीत आत. काल ती म्हातारी पैसे माझ्यापुढं धरत होती. ड्रायव्हरनं तिकीट फाडायचं! तिथली युनियन काय झोपा काढतेय? मी म्हटलं, बाई, जागेवर बसा, मास्तर येतील."

डोकं शाबूत होतं. जरा जास्तच शाबूत होतं. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथल्या तिथं तोंडानं "टण टण" केलं.

"तुझ्याकडं बिल्ला हाय?" अण्णांनी विचारलं.

बिल्ला असलेला वाहक आमच्या गावात एकच होता. वरच्या वाडीतले गंगाराम रेवाळे. एसटीत वाहकाला मास्तर म्हणतात, आणि रेवाळे मास्तर चौदा वर्षं अण्णांच्याच गाडीवर होते, चिपळूण ते कऱ्हाड, कुंभार्ली घाटातून. दोघं एका डब्यात जेवायचे. मग अण्णांना काचबिंदू निघाला, निवृत्तीच्या चार वर्षं आधी त्यांना चालकाच्या जागेवरून उतरवलं आणि डेपोत बसकाम दिलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सात वर्षं. "मास्तरनं दगा दिला," एवढंच अण्णा म्हणायचे, आणि आई विषय बदलायची.

मी वरच्या वाडीत गेले. मास्तर अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होते. मुलं मुंबईला, काकूही नातवंडांपाशी तिकडेच, त्यामुळे घरात एकटेच. मी दबकत दबकत सगळं सांगितलं. इंग्रजी गाव, अकरा प्रवासी, उभी गाडी.

"दोन दिवस?" त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "प्रवासी उतरले नाहीत?"

"नाही. बसूनच आहेत."

"सोशिक आहेत बिचारे. ड्युटी किती तासांची?"

"मास्तर, तो खेळ आहे..."

"ते कळलं गो. ड्युटी किती तासांची?"

"दोन-अडीच तास. बॅटरी असेपर्यंत."

मास्तरांनी सुतळी उचलून काठीला एक गाठ मारली. "त्याला म्हणावं, लेखी दे. तोंडी मी येणार नाय."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. वाटलं, आता भडकतील. त्यांनी कागद मागितला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

"प्रति, श्री. ग. रा. रेवाळे, वाहक (निवृत्त). विषय: वाहक उपलब्ध नसल्याने गाडी दोन दिवस थांब्यावर उभी असलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, प्रवाशांची गैरसोय होत आहे. तरी आपण उद्या सकाळी नऊ वाजता गणवेशात हजर राहावे. आपला, र. गो. भुवड, चालक."

याचं उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर आलं. "मान्य. खाकी शर्ट सात वर्षांत आखडला आहे. साध्या कपड्यांत चालेल किंवा कसे, कळवावे."

"चालणार नाय," अण्णा म्हणाले, आणि मी परत टेकडी चढले. कॅनडाच्या कंपनीनं माझी निवड 'दोन गटांत समन्वय साधण्याचं कौशल्य' बघून केली होती, ते त्या दिवशी फार आठवलं.

दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला मास्तर आले. अंगात खाकी, पोटावरची दोन बटणं लागेनात म्हणून तिथं सेफ्टी पिना, छातीवर घासून लख्ख केलेला बिल्ला. अण्णाही आत जाऊन खाकी घालून आले होते. दोघं समोरासमोर उभे राहिले, आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"विशाखा, मास्तरांना पाणी दे."

"विशाखा, चालकांना सांग, पाणी ड्युटी सुटल्यावर."

"विशाखा, मास्तरांना विचार, घंटीचं काय."

मास्तरांना तोंडी टण टण मंजूर नव्हतं. गाडीत दोरी असते, दोरी ओढली की चालकाच्या डोक्यावर घंटी वाजते, तसंच हवं. मग देवघरातली घंटा पडवीच्या वाशाला टांगली, तिला दावं बांधलं, दावं वाशावाशावरून मागच्या खिडकीपर्यंत नेलं. देवाची घंटा म्हणून अण्णांनी हात जोडले. मी परिवर्तन चालू करून त्यांच्या हातात दिली.

मास्तर मागं गेले. पडद्यावरच्या प्रवाशांवरून नजर फिरवत पुटपुटले, "अकरा. फुकट्या एकबी नाय." आणि दावं दोनदा ओढलं.

गाडी निघाली. तिसऱ्या दिवशी गाडी निघाली, आणि मी टाळ्या पिटल्या. आतली म्हातारी चक्क "थँक यू" म्हणाली. अण्णांचा चेहरा मी वर्षभरात तसा बघितला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, भुवया खाली, सगळा माणूस कसा कामाला लागलेला.

आणि मग त्यांनी पहिल्याच वळणावर एक फुलांचा वाफा चिरडला.

पुढं कचऱ्याचा डबा उडवला. त्याच्या पुढं एक सायकलवाला आडवा केला. खेळातला म्हणून तो कपडे झटकून उठला आणि गेला, पण अण्णांच्या कपाळावर घाम आला. जे काही होत होतं ते डाव्या बाजूला होत होतं. मला कळेना, की मोठा पडदा, इतकं स्वच्छ चित्र, आणि दिसत कसं नाही? मग कळलं. काचबिंदूनं त्यांची डावी बाजू खाल्ली होती. समोरचा माणूस दिसायचा, डावीकडचा कळायचाच नाही.

मास्तरांनी दावं सोडलं. ते चालत पुढं आले आणि अण्णांच्या डाव्या अंगाला बाकाच्या टोकावर बसले.

"डावीकडं खांब."

अण्णांनी गाडी उजवीकडं घेतली.

"डावीकडं सायकल. गेली. डावीकडं बाई, पोर घेऊन. हळू. हां, चल."

आवाजात घाई नाही, भीती नाही. नळाखाली भांडं धरावं तसं सहज चाललं होतं. पुढचा पाऊण तास गाडीला ओरखडा नाही. थांबा आला की मास्तर मागं पळत जाऊन एक टोल देत, माणसं उतरली-चढली की दोन टोल, आणि परत पळत येऊन डाव्या अंगाला. शेजारच्या सविताकाकी घंटा ऐकून ताटात कापूर घेऊन आल्या, की अवेळी आरती कसली? दोन खाकीवाले एका खेळण्यात डोकं घालून बसलेले बघून त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि परत गेल्या.

दुपारी हिरकणीची पाळी. पडदा लहान, वजन कमी. अण्णांनी हात लांब करून ती जरा दूर धरली, आणि मला काय झालं ते लगेच दिसलं. तेवढा छोटा पडदा त्यांच्या उरलेल्या नजरेत पुरता मावत होता, डाव्या कडेसकट. मास्तर "डावीकडं..." म्हणायला तोंड उघडायचे, तोवर अण्णांनी गाडी वळवलेलीसुद्धा असायची. एकही डबा नाही, एकही वाफा नाही. थोड्या वेळानं मास्तर बोलायचे थांबले. उरलेला सगळा वेळ ते मागं खिडकीशी दावं धरून उभे राहिले.

मी खुशीत होते. तक्त्यात हिरकणी सतरा रकान्यांत पुढं होती. बॅटरी, वजन, हात भाजत नाही, पंखा घोंघावत नाही, आणि आता हे. अण्णा एकटे चालवू शकत होते.

चहा पिताना मास्तर मला म्हणाले, "विशाखा, त्याला सांग, पांढरी ठेव. तिच्यात त्याला समदं दिसतं."

अण्णांनी कप खाली ठेवला. आणि सात वर्षांत पहिल्यांदा सरळ मास्तरांकडे बघून बोलले.

"मला दिसत नाय हे तुला कधी कळलं होतं?"

"शिरगावच्या पुढं तू म्हशीला आरसा घासलास, त्या दिवशी."

"म्हणजे मला उतरवायच्या सहा महिने आधी."

"सहा महिने मी तुझ्या डाव्या अंगाला उभा राहून घाट उतरलो, रघुनाथ. तिकिटं पटापटा फाडायची आणि पुढं यायचं. डावीकडं गुरं, डावीकडं सायकल. तुला काय वाटलं, मला गप्पांची हौस होती?"

"मला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले.

मी चहाचा घोट तसाच तोंडात धरून बसले. पन्नास माणसं भरलेली गाडी, घाट, आणि दोन माणसांची मिळून तीन डोळ्यांवर चाललेली ड्युटी. मला भीतीही वाटली आणि दोघांचा संतापही आला.

"दोघं तुरुंगात गेलो असतो," मास्तर म्हणाले. "जायलाच पायजे होतं. रोज कऱ्हाडला उतरलो की देवाला म्हणायचो, आज झालं, उद्या सांगतो."

"मग सहा महिने गप्प राहिलास, आणि मग एकदम डेपोत माझ्या डोळ्यांबद्दल चिठ्ठी?"

"हिचं ऑपरेशन निघालं. मुंबईला. पंधरा दिवस रजा टाकावी लागली." मास्तर बिल्ल्याशी चाळा करत होते. "माझ्या जागी दुसरा वाहक आला असता. तो मागं बसला असता, रघुनाथ."

वाशाला टांगलेली घंटा वाऱ्यानं थोडी हलली, पण वाजली नाही.

"मला आधी सांगायचं होतंस," अण्णा म्हणाले.

"सांगितलं असतं तर उतरला असतास?"

अण्णांनी खरोखरच विचार केला. खोटं बोलायचं त्यांना कधी जमलं नाही.

"नसतो."

"मग?"

"मग काय. साखर घे अजून, कमी झालीय."

मास्तर गेले. जाताना म्हणाले, उद्या दावं सोडून घंटा देवघरात ठेवा, पांढरीला माझं काही काम नाय. मीही तसंच धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी परिवर्तन खोक्यात भरायला घेतली. वायर गुंडाळली, मुठी बसवल्या.

"ती राहू दे," अण्णा मागून म्हणाले. "पांढरी पाठव."

"अण्णा, अहो, उलट बोलताय. पांढरी ठेवायची."

"काळी ठेवायची."

मी तक्ता काढला. बॅटरी वाचून दाखवली, वजन वाचून दाखवलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि काळीत तुम्हाला डावीकडचं दिसत नाही," मी म्हटलं.

"नाय दिसत."

"पांढरीत दिसतं."

"समदं दिसतं."

"मग?"

अण्णांनी माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं. कुणी ऐकत नाही ना असं वरच्या वाडीच्या पायवाटेकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "समदं दिसायला लागलं तर मास्तर कशाला यील?"

मला रडू आलं, ते अण्णांची दया येऊन नव्हे. एकशे चौदा लोकांना विचारून, तेवीस रकाने भरून मी आठवडाभर माझ्या बापाला एकटं राहता यावं म्हणून यंत्र निवडत होते, याची मला लाज वाटली. मी डोळे पुसले आणि हिरकणी खोक्यात भरली.

"मास्तरांना काय सांगू?"

"सांग, पांढरी नादुरुस्त."

नऊ वाजता पायवाटेवर खाकी दिसली. बोलावलं नव्हतं तरी मास्तर आले होते, पिना लावून, बिल्ला लावून. "घंटा सोडायला आलो," म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की पांढरी रात्रीतून बंद पडली, नाइलाजानं काळी ठेवावी लागतेय. त्यांनी टेबलावरच्या चिकटपट्टी लावलेल्या खोक्याकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं. अण्णा काळ्या पडद्यात डोकं घालून उगाचच कळा तपासत होते.

काय बिघडलं, कसं बिघडलं, मास्तरांनी काही विचारलं नाही. चपला काढल्या, चष्मा पुसला, आणि बाकावर अण्णांच्या डाव्या अंगाला जाऊन बसले.